एलडीएल १५६: दादाने गोळी घ्यावी का?

२०२५ च्या जानेवारीत दादाच्या शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. दोन दिवसांनी त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बाय, कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू करू की नको? एका शब्दात सांग."

दादा कणकवली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. तेव्हा वय ४८. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, बी. फार्म. केलेली, आणि वीस वर्षांहून जास्त काळ स्वतःच्या मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतो. हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या घेणं थांबवतो, आणि ज्याने आधी चार गोष्टी तपासायला हव्यात तो शेजाऱ्याची रिकामी स्ट्रिप दाखवून "हीच द्या" म्हणतो. दोघांनाही समजावताना मागे रांग असते. दादाच्या बाबतीत मात्र मला पुरेसा वेळ मिळाला, सगळे कागद हातात होते, आणि निर्णय कसा होत जातो ते वर्षभर जवळून बघता आलं. ते सगळं लिहायला दादाने स्वतःच सांगितलं.

रिपोर्ट

एकूण कोलेस्ट्रॉल २३२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १९०, एचडीएल ("चांगलं" कोलेस्ट्रॉल) ३८, एलडीएल ("वाईट", धमन्यांत साचणारं) १५६. चारही आकडे ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारे-खाली जाणारे बाण. शाळेतल्या बावीस जणांपैकी सतरा जणांच्या रिपोर्टवर असे बाण होते, असं दादा म्हणाला. स्टाफरूममध्ये दिवसभर दुसरा विषय नव्हता.

बाण पाहून घाबरायचं कारण नाही, आणि ते सोडूनही द्यायचे नाहीत. एलडीएलपुढे "१०० पेक्षा कमी" असं छापलेलं असतं. पंचविशीतल्या निरोगी मुलीच्या रिपोर्टवरही तेच आणि बायपास झालेल्या सत्तरीतल्या आजोबांच्या रिपोर्टवरही तेच. आजोबांना १०० सुद्धा जास्त आहे, त्या मुलीला १२० ला कुणी गोळी देणार नाही. त्या एका ओळीला तुमचं वय माहीत नसतं, तुमचे वडील कशाने गेले तेही माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट दादाने स्वतःच पकडली. २३२ मधून ३८ वजा केले, १९० ला ५ ने भागून आलेले ३८ वजा केले, आणि म्हणाला, "बरोबर १५६ येतात. म्हणजे हा एलडीएल मोजलेला नाही, काढलेला आहे!" खरं आहे. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल असाच काढतात, १९७२ सालच्या फ्रीडवाल्ड यांच्या सूत्राने. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. दादाचे १९० होते, तेव्हा आकडा धरून चालण्यासारखा होता.

बाकीची माहिती मी विचारून घेतली. रक्तदाब १३४/८४. उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.८, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर. वजन ७८ किलो. पोटाचा घेर मी दुकानातल्या टेपने मोजला, ९६ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची मर्यादा धरतात. विडी-तंबाखू आयुष्यात कधी नाही. घर ते शाळा दुचाकीवर.

आणि बाबा. बाबा १९९४ च्या जूनमध्ये गेले, लावणीच्या दिवसांत. वय ५१. सकाळी कुणग्यात, भाताच्या खाचरात, उभे होते, छातीत कळ येते म्हणाले, बांधावर बसले. ओरोसच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी बारा वर्षांची होते, दादा सतरा. त्यांचं कोलेस्ट्रॉल किती होतं हे आम्हाला कधीच कळणार नाही, कारण ते कुणी तपासलंच नव्हतं.

पुढे औषधशास्त्र शिकताना त्याच वर्षाची एक गोष्ट वाचली आणि ती माझ्या मनातून गेली नाही. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये स्कँडिनेव्हियातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात नकली गोळीच्या गटात २५६ जण गेले, औषधाच्या गटात १८२. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्ट्रॉल उतरवणाऱ्या या जातीच्या गोळ्यांनी, माणसं जगतात हे तेव्हा पहिल्यांदा निर्विवाद दिसलं. पण ती चाचणी आधीच आजारी असलेल्यांची होती. दादा आजारी नव्हता, आणि त्याच्या प्रश्नाची सगळी अडचण तिथेच होती.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. ज्यांना अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलाय, स्टेंट टाकलाय, चाळिशीनंतर मधुमेह आहे, किंवा ज्यांचा एलडीएलच १९० च्या वर आहे, त्यांच्यासाठी "घेऊ की नको" हा प्रश्न जवळपास उरतच नाही. हे प्रकरण वाचून त्यांनी चालू गोळी थांबवू नये. हे मधल्या माणसाचं प्रकरण आहे.

डॉक्टरांनी आधी काय तपासलं

फेब्रुवारीत मी दादाला आमच्याकडच्या फिजिशियनांकडे घेऊन गेले. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली नाही हे मला फार बरं वाटलं. आधी थायरॉइडची टीएसएच करायला सांगितली, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतो आणि मग औषध थायरॉइडचं द्यायचं असतं. ती नॉर्मल आली. यकृताची, मूत्रपिंडाची तपासणीही ठीक. मग त्यांनी लिपोप्रोटीन-ए ही तपासणी लिहिली.

हिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी जणांना माहिती असते. लिपोप्रोटीन-ए हा एलडीएलचाच चुलतभाऊ. तो किती असणार हे जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून ठरून येतं. पथ्याने कमी होत नाही, चालण्याने होत नाही, स्टॅटिननेही होत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात, आणि भारतीयांत तो वाढलेला सापडण्याचं प्रमाण बरंच आहे. आयुष्यात एकदा प्रत्येकाने तो तपासावा असं कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. दादाचा आला ६८.

"जो कमी करता येत नाही तो मोजून काय उपयोग?" दादाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "सर, हा आकडा बदलता येत नाही, म्हणूनच जे बदलता येतं त्यात ढिलाई परवडणार नाही. तुमच्या वडिलांचं जे झालं त्यामागे हाच असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण शंका येण्याजोगा आहे."

शंभर ठिपके

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. दादाला "गोळी चांगली आहे" किंवा "गोळी वाईट आहे" असलं काही ऐकायचं नव्हतं. त्याला हिशोब हवा होता, आणि तो मागायचा त्याला पूर्ण हक्क होता.

डॉक्टरांनी संगणकावर अमेरिकेतलं २०१३ सालचं गणित उघडलं. वय, रक्तदाब, कोलेस्ट्रॉल, एचडीएल, तंबाखू, मधुमेह एवढं भरलं. उत्तर आलं सुमारे ५ टक्के. दादासारख्या शंभर पुरुषांपैकी पाच जणांना पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा पक्षाघात. हा आकडा ना कमी धोक्याचा ना जास्त, बरोबर सीमारेषेवरचा.

पण त्या गणितात बाबा नाहीत. वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार होणं ही मोठी गोष्ट आहे आणि त्या यंत्रात ती भरायला जागाच नव्हती. लिपोप्रोटीन-ए नाही. पोटाचा घेर नाही. आणि ते ज्या लोकांवरून बनवलं ते गोरे आणि कृष्णवर्णीय अमेरिकन. आपण त्यात नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासातून पुढे दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. हे सगळं धरून डॉक्टर म्हणाले, "मी तुमचा धोका शंभरात दहाच्या आसपास धरीन. हा माझा अंदाज आहे, मशीनचा नाही. पाचही असू शकतो, बाराही."

घरी येऊन दादाने आलेख वहीच्या पानावर शंभर ठिपके काढले, दहा ओळी, दहा स्तंभ. दहा ठिपके लाल केले. मग मला विचारलं, "गोळी यातले किती पुसते?"

उत्तर असं काढता येतं. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने (एक मिलिमोल) उतरला की अटॅक-पक्षाघातासारख्या घटना पाचव्या हिश्शाहून थोड्या जास्त, २२ टक्क्यांनी कमी होतात. हे एकेका चाचणीचं नाही, लाखाहून जास्त लोकांच्या अनेक चाचण्या एकत्र करून निघालेलं प्रमाण आहे. रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी एलडीएल साधारण ४५ टक्के उतरवते. दादाच्या १५६ मधून ७० उतरतील. त्या हिशोबाने धोका एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त कमी. दहापैकी तीन-साडेतीन ठिपके पुसले जातात.

दादा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. "म्हणजे नव्वद जण गोळी न घेताही सुखरूप. सहा-सात जणांना घेऊनही अटॅक येणारच. आणि तीन जणांसाठी शंभर जणांनी दहा वर्षं रोज गोळी खायची."

"हो," मी म्हटलं. "आणि तू कुठला ठिपका आहेस ते कुणालाच माहीत नाही."

लोकांना असं आकडे मांडून सांगितलं तर ते गोळी घेणार नाहीत, असं काही डॉक्टरांना आणि माझ्या व्यवसायातल्या अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. "३६ टक्के धोका कमी" असं सांगून सुरू केलेली गोळी पहिल्या कुरबुरीला बंद होते, हे मी दर महिन्याला बघते. शंभरातले तीन हे छोटं वाटतं, पण त्यातल्या एकेका ठिपक्यामागे बांधावर बसलेला एक माणूस असतो. हे कळूनही ज्याला नको वाटेल त्याने नाही म्हणावं, तो त्याचा निर्णय.

दादासारख्याच लोकांवरची एक चाचणी आहे, २०१६ ची होप-३. हृदयविकार नसलेले, मध्यम धोक्याचे १२,७०५ जण, २१ देश, त्यात भारतही. औषध तेच, रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम. साडेपाच वर्षांत नकली गोळीवाल्यांपैकी ४.८ टक्के लोकांना हृदयविकाराने मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात, औषधवाल्यांपैकी ३.७ टक्के. हजारात अकरा जण वाचले. दादाच्या ठिपक्यांशी हे साधारण जुळतं.

दुसरी बाजूही त्याच कागदावर मांडली. स्टॅटिनने साखर थोडी वाढते. तेरा चाचण्या एकत्र करून २०१० साली निघालेला हिशोब असा की २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो. शंभर जण आणि दहा वर्षं धरली तर जवळपास एक जण. पण तो एक बहुतेक वेळा आधीच उंबरठ्यावर उभा असलेलाच निघतो, आणि दादाचा एचबीएवनसी ५.८ होता. त्याने निळ्या पेनाने एक ठिपका गोल केला आणि त्यावर प्रश्नचिन्ह काढलं.

"ही केमिकलं यकृत खराब करतात" हे त्याच्या स्टाफरूममधलं मत. पहिलं स्टॅटिन सापडलं ते बुरशीत, क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या. अकिरा एन्दो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरश्या तपासल्या तेव्हा ती हाती लागली. हे ऐकून दादाला फार आनंद झाला, नववीच्या वर्गालाही सांगितलं म्हणे. नैसर्गिक म्हणून ते निर्धोक होत नाही, हेही मी त्याला सांगितलं. यकृताची एन्झाइम्स काही जणांत किंचित वाढतात, गंभीर इजा फार क्वचित होते. म्हणून सुरू करण्याआधी एकदा तपासून घेतात.

तीन महिने स्वयंपाकघरात

दादाने आधी तीन महिने मागितले. डॉक्टरांनी आनंदाने दिले. गोळी तीन महिने उशिरा सुरू झाल्याने दादासारख्या माणसाचं काही बिघडत नाही.

आमच्याकडे अडचण होती नारळाची. आई ७४ वर्षांची, आणि तिच्या हाताखाली वहिनी. रोज एक नारळ फुटतो. सकाळी वाटप, दुपारी माशाच्या आमटीत रस, वर सोलकढी. नारळात कोलेस्ट्रॉल नसतं हे खरं, पण त्यातली चरबी बहुतांश संपृक्त असते आणि तीच यकृताला एलडीएल रक्तातून उचलू देत नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "नारळ नाय तर आमटी कसली?" आणि उठून गेली. पुढे दोन दिवस तिने माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

मार्ग वहिनीने काढला. नारळ बंद केला नाही, एकाचा अर्धा केला. सोलकढीच्या जागी फुटी कढी, नुसत्या आमसुलाची. बांगडा तव्यावर तेलात सोडण्याऐवजी तिखलं, म्हणजे तिखट दाट रश्शातला. कुळथाची पिठी आठवड्यातून तीनदा. भाताचा डोंगर होता त्याची टेकडी झाली. शाळेतल्या मधल्या सुट्टीत चहाबरोबर खारी आणि बटर खायची सवय होती, ती सोडणं दादाला सगळ्यात जड गेलं, नारळापेक्षाही. संध्याकाळी गडनदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन परत, पाऊण तास.

या काळात सल्ले देणारे खूप भेटले. लसूण, मेथी, अर्जुनाची साल. स्वयंपाकातला लसूण खुशाल खावा, पण त्याने एलडीएल फारसा हलत नाही. एका सहकाऱ्याने रोज सकाळी दुधीचा रस सुचवला. तिथे मी दादाला हात जोडून सांगितलं की दुधी कडू लागला तर एक घोटही घ्यायचा नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर समितीही नेमली होती. दुसऱ्या एकाने स्वतःची कॅप्सूल देऊ केली, त्यात स्टॅटिनबरोबर ॲस्पिरिन होतं. ज्याला कधी अटॅक आलेला नाही त्याने आपल्या मनाने ॲस्पिरिन सुरू केलं तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्रावाची भीती असते. दोन्ही वेगळ्या कामाची औषधं आहेत. "हार्टची गोळी" म्हणून एकाच माळेत ओवायची नाहीत.

मे महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. वजन ७४.५. ट्रायग्लिसराइड १९० वरून १४०. साखर ९८. रक्तदाब १२६/८०. एचडीएल ४०. आणि एलडीएल १४६.

दादाचा चेहरा पडला. तीन महिने इतकं करून एलडीएल फक्त दहाने उतरला. मला मात्र तो रिपोर्ट उत्तम वाटला. भात, खारी आणि पोट यांचा संबंध ट्रायग्लिसराइडशी आणि साखरेशी जास्त, आणि तिथे फरक भरपूर दिसला होता. त्या निळ्या ठिपक्याची भीतीही कमी झाली. एलडीएल पथ्याने दहा-पंधरा टक्के उतरला तरी पुष्कळ. त्यातला मोठा वाटा यकृत स्वतः बनवतं, आणि रक्तातला परत किती उचलायचा हे यकृताच्या पेशींवरच्या ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) ठरतं. ते ग्राहक शोधून काढल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. कुणाकडे ते जन्मतः जास्त, कुणाकडे कमी. यात दादाच्या इच्छाशक्तीचा दोष नव्हता, आणि हे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगणं गरजेचं होतं.

स्कॅन

डॉक्टरांनी आता दोन रस्ते सांगितले. गोळी सुरू करा, किंवा अजून मन होत नसेल तर हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या चरबीच्या थरात जमणारा कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन करा. यात सुई नाही, रंग नाही, थोडा किरणोत्सर्ग आहे.

दादाने नेमका प्रश्न विचारला. "शून्य आलं तर तुम्ही मला गोळी नको म्हणाल का?"

डॉक्टर थांबून म्हणाले, "दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं, पाच वर्षं थांबू. तुमच्या वडिलांचा इतिहास आणि तो ६८ बघता तुम्हाला 'विसरून जा' म्हणणार नाही. पण घाई नाही, एवढं नक्की म्हणेन."

निकालाने निर्णय बदलणार नसेल तर तपासणी करू नये, असं मी नेहमी सांगते. इथे तो बदलू शकत होता, निदान कधी सुरू करायचं ते. मेच्या सुट्टीत आम्ही दोघं फोंडा घाटाने कोल्हापूरला गेलो. दाजीपूरच्या जंगलातून जाताना दादा बाबांबद्दल बोलत होता. इतकं तो वर्षानुवर्षं बोलला नव्हता. अजून तीन वर्षांनी तो बाबांच्या वयाचा होणार, हे त्याने आकडे मांडल्यासारखं सांगितलं.

स्कोअर आला ४१. फार नाही. पण अठ्ठेचाळिशीत बऱ्याच पुरुषांचा शून्य असतो. पडद्यावर डावीकडच्या मुख्य धमनीच्या फांदीवर तांदळाच्या कणीएवढे दोन पांढरे ठिपके दिसले. रेडिऑलॉजिस्टनी बोट ठेवून दाखवले. दादा म्हणाला, "म्हणजे सुरुवात झालेली आहे."

त्यानंतर चर्चा फार लांबली नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवसापासून रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, रोज एक. रात्रीच घ्यायला हवी असं पुष्कळांना वाटतं. सिम्व्हास्टॅटिनसारख्या जुन्या औषधांना ते लागू होतं, रोसुव्हास्टॅटिन आणि एटोरव्हास्टॅटिन कधीही घेतलं तरी चालतं. दादाने स्ट्रिप टूथब्रशच्या मगमध्ये ठेवली. मला विचाराल तर विसर पडू नये यासाठी याहून चांगली जागा नाही.

ऑगस्टमध्ये एलडीएल ८२.

पोटऱ्या

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादाच्या गोळ्या संपायला हव्या होत्या. तो आला नाही. तिसऱ्या आठवड्यातही नाही. माझ्या वहीत प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाची तारीख असते. माझ्या सख्ख्या भावाची तारीख चुकली होती. फोन केला तर म्हणाला, "पोटऱ्या दुखतात गं. जिना चढताना. मी वाचलं, स्टॅटिनने स्नायू विरघळतात. बंद केली."

मी त्याला रागावले नाही. दुखणं खरं होतं. स्नायूंचा खरा गंभीर ऱ्हास होतो, पण अतिशय क्वचित. लघवी चहाच्या रंगाची झाली, अंगात ताकद उरली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तसं काही नव्हतं. डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासलं, ते नॉर्मल. होप-३ मध्ये औषधवाल्यांपैकी ५.८ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली होती, नकली गोळीवाल्यांपैकी ४.७ टक्के. म्हणजे तक्रार करणाऱ्यांतल्या बहुतेकांचं दुखणं गोळीमुळे नव्हतं, पण काहींचं होतं. दादा कुठल्या गटात, हे शोधायला हवं होतं.

लंडनला २०२० साली एक सुंदर प्रयोग झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले साठ जण. प्रत्येकाला बारा बाटल्या, एकेका महिन्याच्या. चार बाटल्यांत एटोरव्हास्टॅटिन, चारांत नकली गोळी, चार रिकाम्या. रोज फोनवर त्रासाला गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी. गोळीच्या महिन्यांत जास्त. पण खऱ्या आणि नकली गोळीतला फरक अगदी थोडा. त्रासातला नव्वद टक्के भाग नकली गोळीनेही होत होता. त्या लोकांना खोटं दुखत नव्हतं. दुखणं गोळी घेण्यातून येत होतं, औषधातून नव्हे.

दादाने याचंच घरगुती रूप केलं. चार आठवडे गोळी बंद, रोज रात्री वहीत शून्य ते दहा गुण. नंतर पुन्हा सुरू, आणखी सहा आठवडे गुण. बंदच्या चार आठवड्यांची सरासरी आली ३.१. चालूच्या सहा आठवड्यांची ३.४. त्याने दिवसाच्या नोंदीही ठेवल्या होत्या, आणि सगळ्यात जास्त गुण पडले होते ते क्रीडा स्पर्धांच्या दिवसांत, जेव्हा तो दिवसभर मैदानावर उभा होता. जुन्या चपला बदलल्यावर आकडे दोनवर आले. एका माणसाची दहा आठवड्यांची वही म्हणजे शास्त्र नव्हे, तो कोणती गोळी घेतोय हे त्याला माहीत होतं, हे सगळं मला मान्य. पण स्वतःच्या हाताने लिहिलेले आकडे त्याने मानले. मी किंवा डॉक्टरांनी कितीही सांगून ते झालं नसतं.

पुन्हा सुरू करताना डॉक्टरांनी मात्रा ५ मिलिग्रॅम केली. मात्रा निम्मी केली की परिणाम निम्मा होईल असं वाटतं, तसं होत नाही. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो, उलटही तसंच. या फेब्रुवारीत, ५ मिलिग्रॅमवर, दादाचा एलडीएल ९१ आला. एचबीएवनसी ५.७.

आत्ता कुठे आहे

डॉक्टरांना तो ७० च्या जवळ हवा आहे. १० वर परत जायचं, की ५ बरोबर एझेटिमाइब जोडायचं, जे आतड्यातून कोलेस्ट्रॉल शोषलं जाणं अडवतं आणि आणखी वीसेक टक्के उतरवतं, हे ठरलेलं नाही. दादाला एका वेळी एकच बदल हवा आहे. मे महिन्यापर्यंत चालणं वाढवतो, मग पुन्हा तपासू, असं त्याने सांगितलं आणि डॉक्टरांनी मान्य केलं.

लवकर सुरू करण्याच्या बाजूने डॉक्टरांनी त्याला शेवटी जे सांगितलं तेच मला सगळ्यात जास्त पटतं. काही लोकांत पीसीएसके-९ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे एलडीएल जन्मापासूनच कमी असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत अशा कृष्णवर्णीय लोकांचा एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्केच कमी होता, पण हृदयधमनीचा विकार ८८ टक्के कमी. धमनी वर्षं मोजते. शंभर ठिपक्यांचा कागद दहाच वर्षांचा होता. दादाला निदान तीस वर्षं जगायचंय.

त्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, पुण्याला शिकतो. दिवाळीत येईल तेव्हा त्याचं लिपिड प्रोफाइल आणि लिपोप्रोटीन-ए करायचं ठरलंय. कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या त्याच सूचनांत पहिली तपासणी अठराव्या वर्षी करा असं आहे, आणि आमच्यासारख्या घरात तर त्याहूनही आधी.

मी माझंही केलं. एलडीएल १२८, लिपोप्रोटीन-ए ७४. तो वाढलेला आकडा माझ्याकडेही आलाय. दादाने रविवारी आलेख वही आणली होती, आईने दिलेला फुटी कढीचा पेला बाजूला ठेवून त्याने दहा ओळी, दहा स्तंभ काढले आणि माझा रक्तदाब विचारला. तो मला सांगता आला नाही. दुकानात रोज पंधरा जणांचा मोजते, माझा स्वतःचा मोजून दोन वर्षं झाली होती. तो आधी मोजू, मग ठिपके रंगवू, असं म्हणून त्याने पान दुमडून वहीत ठेवलं.